काडी कोणी मोडली

निमखेड्याचे हिलाल नाना खोटं बोलत नाहीत, ही गोष्ट पांझरेच्या काठच्या दहा-बारा गावांना चांगली ठाऊक होती. नानांना तिचा अभिमान होता आणि घरच्यांना तिचा जाच होता. पुतण्याला बघायला पाहुणे आले, की पोहे खाऊन होण्याच्या आत नानाच सांगून मोकळे, "पोऱ्याना एक डोळा जरासा तिरपा शे." बैल विकायला काढला, तर गिऱ्हाइकाने दात बघायच्या आधी त्याची खोड सांगायचे. त्यामुळे त्यांचे बैल त्यांच्याच गोठ्यात म्हातारे व्हायचे. बायको तानुबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "यासनी जीभले हाड ऱ्हातं, तं तेबी सरळच ऱ्हातं."

वीस बिघे जमीन, कपाशी नि बाजरी, एक बैलजोडी. दिसायला नाना म्हणजे चार लोकांत शोधून काढावा लागेल असा बुटका, काटक माणूस. पण मारुतीच्या पारावर निंबाखाली जाजम पडलं आणि पाच पंच बसले, की मधे नाना असायचे. बांधाचं भांडण, दुसऱ्याच्या वावरात शिरलेला बैल, नांदायला न येणारी सून, बायकोला न नांदवणारा नवरा, सगळं तिथेच मिटायचं. सरकारचं कोर्ट धुळ्याला, चार कोसांवर. तिथे लोक दुसऱ्याची जिरवायला जायचे आणि बहुतेक वेळा स्वतःची जिरवून परत यायचे.

पंचांचं काम सोपं नव्हतं. नाना दोन्ही बाजूंचं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. एखादा म्हातारा बैलाची तक्रार घेऊन यायचा आणि आपल्या आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करायचा. बाकीचे पंच पेंगायला लागत, नाना मात्र मान हलवत ऐकत राहत. आजोबांच्या लग्नातूनच कधी कधी बैलाचं उत्तर निघायचं, असा त्यांचा अनुभव होता. मात्र जाजमासमोर कोणी खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. खोट्याला ते चोरीहून मोठा दंड करायचे, आणि एकदा तर तो त्यांनी सख्ख्या भावाला, वनाला, केला होता. त्यानंतर वना तीन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही, आणि नानांनीही त्याची मनधरणी केली नाही.

अशा माणसापुढे ताईबाईचं प्रकरण आलं.

ताईबाई गावातल्या झुलालची लेक. दहाव्या वर्षी तिचं लग्न नदीपलीकडच्या रुपचंदशी झालं होतं. रुपचंदने दुसरी बाई ठेवली, आणि ताईबाई बोलली म्हणून बैलाच्या जुवाची शिवळ, ती जाड लाकडी खुंटी, उचलून तिच्या डाव्या मनगटावर घातली. हाड वाकडं बसलं ते कायमचंच. ती बापाकडे आली आणि पाच वर्षं बसून राहिली. रुपचंद तिला नेईना आणि सोडीही ना. "ऱ्हाऊ दे बठेल," असं तो बाजारात हसून सांगायचा.

काडीमोड करायची जातीत रीत होती. नवऱ्याने पंचांसमोर कडब्याची काडी मोडायची आणि म्हणायचं, "जा, तुन्ही वाट मोकळी." तेवढ्यावर बाई दुसरा पाट लावायला मोकळी व्हायची. नवरा आलाच नाही, तर पंचांनी तीन निरोप धाडायचे. तिसऱ्यालाही आला नाही, तर घोंगडीवर त्याच्या नावाचं पागोटं ठेवायचं आणि मुख्य पंचाने त्याच्या वतीने काडी मोडायची. ही रीत कोणी घातली ते कोणालाच माहीत नव्हतं, पण तिच्यावर कोणी बोटही ठेवलं नव्हतं.

नानांनी रुपचंदला तीन निरोप धाडले. तिसरा निरोप घेऊन गेलेला माणूस डोक्यावरून पाडलेलं पागोटं हातात घेऊन परत आला. "रुपचंद बोलना, तुमना पंच गयात चुल्हामा," त्याने सांगितलं. नानांनी घोंगडी अंथरायला लावली, पागोटं ठेवायला लावलं, आणि दोनशे माणसांसमोर स्वतः काडी मोडली. त्याच उन्हाळ्यात ताईबाईचा पाट शेजारच्या गावच्या पुनाशी लागला. पुना विधुर होता, गरीब होता, आणि बायकोवर हात उगारणारा नव्हता. वर्षाच्या आत तिला मुलगा झाला.

मूल आठ महिन्यांचं झालं, तेव्हा धुळ्याच्या कोर्टातून कागद आला. साल एकोणीसशे एकतीस. रुपचंदने फिर्याद केली होती: पहिला नवरा जिवंत असताना बायकोने दुसरं लग्न केलं. आरोपी ताईबाई आणि पुना. शाबीत झालं तर दोघांनाही तुरुंग.

झुलाल धावतपळत धुळ्याला गेला आणि देवपुरातल्या एका वकिलांचे पाय धरून आला. वकील भला माणूस होता, त्याने कायदा उलगडून सांगितला. सरकार जातीची रीत मानतं, पण अर्धीच. नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने सोडलं असेल तर सुटका खरी. नवऱ्याच्या मर्जीवाचून पंचांनी सोडवलं, तर ती सुटका नव्हे. तेव्हा सगळा खटला एका प्रश्नावर उभा होता, काडी कोणी मोडली.

दोन दिवसांनी नानांच्या नावाचं समन्स आलं. नानांना बरं वाटलं. पोरीच्या बाजूने चार शब्द बोलता येतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो कागद धनसिंगकडे वाचायला दिला. धनसिंग गावचा पोलीस पाटील, म्हणजे गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला कळवणारा सरकारचा माणूस, आणि नानांचा लहानपणापासूनचा सवंगडी. त्याने कागद दोनदा वाचला.

"नाना, तुमले ताईबाईनी नही बलावं," तो म्हणाला. "रुपचंदनी बलावं शे. तुम्ही त्याना साक्षीदार."

नानांना आधी कळेना. मग कळलं. रुपचंदचा वकील पक्का होता. पंचांना आरोपी केलं असतं, तर आरोपीला शपथेवर बोलता येत नाही. म्हणून त्याने नानांना साक्षीदार केलं. त्याला दुसरा पुरावा जमवायची गरजच नव्हती. हिलाल नाना खोटं बोलत नाहीत, हाच त्याचा पुरावा होता.

त्या दिवसापासून नानांना भाकर गोड लागेना. झुलाल रोज यायचा. एके दिवशी त्याने पागोटं काढून नानांच्या पायांवर ठेवलं.

"नाना, एक सबद. काडी त्यानी मोडी, इतलंच सांगा. तुमनी जीभ झिजाव नही."

"झुलाल, तीस वरीस मी लोकसले खोटं बोलनं म्हनीसन दंड करा," नाना म्हणाले. "आते मीच बोलू?"

"मंग मन्ही आंडेर जेलमा जाई. ते तुमले चाली?"

लेकीसाठी बापाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नानांनी ते पागोटं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि गोठ्यात निघून गेले. बाकीचे चार पंच हुशार होते. ते म्हणाले, नाना सांगतील तेच आम्ही सांगू. म्हणजे ओझं सगळं एकट्या नानांच्या डोक्यावर.

खटल्याच्या आदल्या दिवशी सकाळी ताईबाई स्वतः आली. कडेवर मूल होतं. नानांना वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही, ओट्यावर बसलीही नाही.

"नाना, तुम्ही माले मोकळं करं. ते खरं व्हतं का खोटं, इतलंच माले सांगा."

"खरं व्हतं, पोरी."

"मंग बस," ती म्हणाली आणि चालायला लागली. नाना ओट्यावर बसून तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

धुळ्याच्या कोर्टात त्या दिवशी निमखेड्याची निम्मी माणसं आली होती. मॅजिस्ट्रेट पुण्याकडचे, वयाने तरणे. आरोपीच्या पिंजऱ्यात पुनाच्या शेजारी ताईबाई उभी होती आणि मूल तिच्या खांद्यावर झोपलं होतं. तिच्या डाव्या हातात जोर नव्हता, म्हणून ती उजवाच हात ताठ धरून होती. बसायची परवानगी नव्हती. रुपचंद पुढच्या बाकावर लाल फेटा बांधून बसला होता आणि अधूनमधून मिशीवर बोट फिरवत होता.

नानांचं नाव पुकारलं गेलं. ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले. खरं सांगायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. मात्र सगळं खरं सांगायचं: तीन निरोप, शिवळ, पाच वर्षं, चुल्हामा गेलेले पंच. पूर्ण ऐकल्यावर कोणत्या माणसाला ही पोर गुन्हेगार वाटेल? तेवढा एक आधार मनात धरून ते आले होते.

कारकुनाने शपथ भाजीच्या भावासारखी घडाघडा म्हटली आणि नानांनी ती मागोमाग म्हटली. रुपचंदचा वकील उठला. तो फार आदराने बोलत होता.

"नाना, निमखेड्याच्या बैठकीत ताईबाईची काडी कोणी मोडली?"

"साहेब, आधी तीन निरोप धाडात. पह्यला निरोप…"

"विचारलं तेवढंच सांगा. काडी कोणी मोडली?"

"तेच सांगी ऱ्हायनू. पाच वरीस ती बापना घर बठेल व्हती. ह्यानी तिना हात मोडा, शिवळ मारीसन…"

वकिलाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांचा आवाज कठोर नव्हता, कंटाळलेला होता.

"आजोबा, हात कोणी मोडला हा खटला नाही. काडी कोणी मोडली, तेवढं बोला."

कोर्टात कोणीतरी हसलं. नाना थांबले. तीस वर्षं ते माणसं ऐकत आले होते, आजोबांच्या लग्नापासून बैलापर्यंत. इथे हाताला किंमत नव्हती आणि काडीला होती. त्यांनी अर्धं सांगितलं तर पोर तुरुंगात जाणार होती, आणि पूर्ण सांगू द्यायला कोणी तयार नव्हतं. त्यांचे कान तापले आणि फार राग आला. आपण अशा रागात कधी बोलत नाही, हे त्यांना आठवलं, आणि तरी तोंड उघडलं.

"रुपचंदनी मोडी," ते म्हणाले.

वकिलाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालात?"

"रुपचंदनी. त्याना सोताना हातनी."

आता कोणी हसलं नाही. रुपचंदचा हात मिशीवरून खाली आला. त्याचं तोंड असं झालं, की त्या नालायक माणसाची क्षणभर कीव यावी. देव जागेवर नाही, असं कळलेल्या माणसासारखा तो नानांकडे बघत होता. "नाना… तुम्ही?" एवढंच तो बोलला, आणि शिपायाने त्याला गप्प बसवलं.

वकील आता चिडला. दिवस कोणता? आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, नंतरचा मंगळवार, नाना म्हणाले. बरोबर कोण होतं? एकटाच आला होता. डोक्याला काय होतं? लाल फेटा. काडी मोडताना काय बोलला? "बोलना, जा, तुन्ही वाट मोकळी." पहिलं खोटं बोलायला नानांना साठ वर्षं लागली होती. पुढची पाच कशी आपोआप जिभेवर आली, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

मागून चारही पंचांनी तेच सांगितलं. पंधरा दिवसांनी निकाल लागला. ताईबाई आणि पुना निर्दोष सुटले.

गावात झुलालने गूळ वाटला. बाया नानांच्या पाया पडायला आल्या. "नानानी पोरले वाचाडं," असं जो तो म्हणत होता, आणि ते खरंच होतं. नानांना ताईबाईचं बरं वाटलं, मनापासून वाटलं. पण गुळाचा खडा हातात तसाच धरून ते वावराकडे गेले आणि तिथे बैलाला चारून टाकला.

पुढच्या बैठकीत काहीतरी बदललं होतं. एकाच्या बैलाने दुसऱ्याची कपाशी खाल्ली होती. बैलवाला शपथेचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून म्हणाला, माझा बैल गोठ्यात बांधलेला होता. नानांनी नेहमीसारखं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पूर्वी अशा वेळी माणूस मान खाली घालायचा. बैलवाल्याने मान खाली घातली नाही. उलट ओळखीचं हसला, जणू आपण दोघं एकाच गावचे पाहुणे. नानांच्या तोंडून पुढचा प्रश्न निघेना. निवाडा दुसऱ्या पंचाने दिला.

वर्षभर हे असंच चाललं. लोक यायचे, भंडारा उचलायचे, काय वाटेल ते बोलायचे. रागावलेले लोक मग धुळ्याला जायला लागले. निमखेड्याचे चार खटले एका वर्षात कोर्टात गेले. पूर्वी दहा वर्षांत तेवढे गेले नव्हते.

आणि मग भिकुबाई आली. भिकुबाई विधवा होती, तिचं वावर झुलालच्या वावराला लागून होतं. तिची तक्रार अशी, की झुलालने हद्दीचा दगड उपटून दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत रोवला. नाना बैठकीच्या आधी एकटेच बांधावर गेले. दगडाभोवतीची माती ताजी होती, आणि जुन्या जागी खड्डा बुजवल्याची खूण आंधळ्यालाही दिसली असती. झुलाल तिथेच औत सोडत होता.

"दगड तू सरकावा," नाना म्हणाले.

झुलालने नाही म्हटलं नाही. त्याने बैलांच्या पाठीवर हात फिरवला.

"नाना, तुम्ही मन्ही आंडेरकरता बोलनात. मी मन्हा आंडोरकरता बोलसू. वावर त्यालेच लागी. फरक काय शे?"

लेकीसाठी आणि लेकासाठी.

"आन बैठकमा माले खोटा ठरावशात," झुलाल हळूच म्हणाला, "तं मालेबी बोलता येस. धनसिंग पाटील तठेच बठस."

त्याने हे रागाने म्हटलं नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगावं तसं म्हटलं. म्हणूनच नानांना ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नाना चार कोस चालून देवपुरात वकिलांकडे गेले. त्यांना एकच विचारायचं होतं. आता खरं बाहेर आलं, तर ताईबाईला पुन्हा उभं करतील का?

"नाही," वकील म्हणाले. "त्याच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा उभं करत नाहीत. अपिलाची मुदतही गेली. ती सुटली ती कायमची."

"आन मी?"

"तुम्ही गप्प बसलात तर काही नाही. बोललात तर खोट्या साक्षीचा गुन्हा. तुरुंग." मग वकिलांनी चष्मा काढला. "नाना, तुमच्या मनात आहे तरी काय?"

नानांनी जोडे घातले आणि नदी उतरून घराकडे निघाले. घरी आल्यावर तानुबाईने पाणी दिलं आणि समोर बसली. त्यांनी तिला सगळं सांगितलं. म्हणाले, "मी जेलमा गऊ, तं वावर कोन देखी?"

तानुबाईने पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग पदराने डोळे पुसले आणि रागानेच बोलली, "वावर मी देखसू. पन वरीस व्हयनं, तुम्ही असं तोंड पाडीसन बठतस, ते मन्हाघाई आते देखाव नही."

बैठकीला त्या दिवशी सगळा गाव होता. झुलाल पुढे आला, भंडाऱ्याला हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दगड जठे व्हता तठेच शे." भिकुबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना जाजमावरून उठले आणि खाली उतरून झुलालच्या शेजारी उभे राहिले.

"निवाडा कराना आधी माले काही सांगनं शे. कोर्टनं."

पहिल्यांदा धनसिंगला समजलं. तो घाईघाईने उठला, काखेत काठी मारली.

"मन्हा कान दुखी ऱ्हायनात. मी जास घर."

"धनसिंग, बठ खाले," नाना म्हणाले. "आज तुले ऐकनं पडी."

"नाना, मी सरकारना मानूस शे. मी ऐकं तं माले लिखनं पडी. माले जाऊ द्या."

भिकुबाईलाही कळलं असावं. ती कोपऱ्यातून पुढे आली आणि पहिल्यांदाच भरल्या बैठकीत मोठ्याने बोलली. "नाना, ऱ्हाऊ द्या. दोन तास गयात तं गयात. माले कोठे वर लई जानं शे?"

झुलालचा चेहरा उतरला. हे इथवर येईल, असं त्याला वाटलं नव्हतं. "नाना, गप बसा," तो पुटपुटला. "मी उगाच बोलनू व्हतू. मी कोनले सांगाव नही."

तुरुंगाची नानांना भीती वाटत होती, ती त्यांनी लपवली नाही. पण धनसिंग उभाच होता, आणि तो जायच्या आत सांगायला हवं होतं.

"कोर्टमा मी खोटं बोलनू," ते म्हणाले. "रुपचंद उनाच नही. काडी त्यानी मोडी नही, मी मोडी. हाऊ गुन्हा मन्हा. ह्या चार पंचसना नही, मी त्यासले पुढे बोलीसन वाट दाखाडी." मग ते झुलालकडे वळले. "आते तुले बोलाले काही उरनं नही. आते सांग. दगड कोनी सरकावा?"

झुलालने मान खाली घातली, आणि ती सगळ्या गावाने पाहिली. बैठक उठल्यावर तोच पहार घेऊन बांधावर गेला. भिकुबाईचे दोन तास दिवस मावळायच्या आत तिला परत मिळाले.

धनसिंगने दोन दिवस कागद पुढ्यात घेतला आणि बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी नानाच त्याच्या घरी जाऊन बसले, तेव्हा त्याने रिपोर्ट लिहिला. लिहिताना तो नानांना शिव्या देत होता.

खोट्या साक्षीचा खटला दुसऱ्या मॅजिस्ट्रेटपुढे चालला. हे साहेब वयस्क होते. देवपूरच्या वकिलांनी फी न घेता काम घेतलं आणि आधीच सगळं बांधून ठेवलं होतं. साहेब विचारतील, पश्चात्ताप झाला का. नानांनी हात जोडून 'चूक झाली' म्हणायचं. म्हातारा माणूस, स्वतःहून कबुली. कोर्ट उठेपर्यंत बसवतील आणि सोडतील. एवढे दोनच शब्द. नानांनी मान हलवली होती. कोर्टात झुलाल आला होता, ताईबाई नि पुना आले होते, तानुबाई भाकरी बांधून आली होती, कारण नाना संध्याकाळपर्यंत सुटणार होते.

साहेबांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही स्वतःहून कबूल झालात. केलं त्याचा पश्चात्ताप झाला, असं मी समजतो. बरोबर ना?"

वकिलांनी खूण केली. नानांनी हात जोडले. त्यांनी ताईबाईकडे पाहिलं. तिचं मूल आता चालायला लागलं होतं आणि शिपायाच्या पट्ट्याचा बिल्ला ओढत होतं.

"पस्तावा गावना व्हयना, साहेब," नाना म्हणाले. "गावले मी खोटं शिकाडं, त्याना. पन ह्या पोरकरता बोलनू, त्याना नही. परत तठे उभं करशात, तं परत तेच बोलसू."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. तानुबाई म्हणाली, "लागनी वाट," आणि तिच्या हातातलं भाकरीचं गाठोडं तिने मांडीवर घट्ट धरलं.

साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांनी लेखणी ठेवली. "का?" त्यांनी विचारलं. "सांगा."

आणि नानांनी सांगितलं. पहिला निरोप, दुसरा निरोप, पागोटं हातात घेऊन परत आलेला माणूस. शिवळ. वाकडं मनगट. पाच वर्षं बापाच्या घरी काढलेल्या पाच आखाज्या. रीत काय होती आणि ती कशासाठी होती. पहिल्या कोर्टात काय सांगायचं होतं आणि ते कुठे अडवलं. पाव तास ते बोलले. साहेबांनी एकदाही अडवलं नाही. मधे पट्टेवाला आत आला, त्याला त्यांनी हाताने बाहेर जायला सांगितलं. शेवटी त्यांनी ताईबाईला मनगट दाखवायला लावलं आणि ते नीट पाहिलं.

मग त्यांनी लेखणी उचलली आणि नानांना सहा महिने सक्तमजुरी दिली.

ताईबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. त्या वर्षी धुळ्याच्या जेलात जाणाऱ्या सत्याग्रहींना लोक हार घालून पोहोचवत होते, झेंडे घेऊन मागे चालत होते. नानांच्या मागे एकटा धनसिंग चालत होता, बगलेत काठी घेऊन. जेलच्या दारात शिपायाने त्याला थांबवलं, तेव्हा नाना वळले. त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

"धनसिंग," ते म्हणाले, "साहेबनी बठ्ठं ऐकं रे, पह्यला निरोपपासून."